तांबड्या उजेडाची हंडी

आमच्या चाळीत डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा एकच माणूस होता, आणि तोच कॉलेजात उजेड शिकवायचा.

सर. त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाची खोली त्यांची आणि तिला लागूनची माझी. मधली भिंत इतकी पातळ, की मी इकडे घोरायला लागलो की तिकडे सरांच्या फळीवरचे डबे वाजत. डबे वाजत ही थाप आहे, हे सांगून टाकतो. चाळीत माझी कुठलीही बातमी दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून मगच पुढे पाठवायची पद्धत होती. आणि तो दुसरा कुणीतरी म्हणजे कायम सर.

कारण सर न पाहिलेलं बोलत नसत. कुणी काही सांगायला आलं की ते चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "बघितलंत का?" बघितलं असेल तर बोला, नाहीतर चहा घ्या. चाळीतल्या निम्म्या भांडणांचा जीव या एका प्रश्नाने गेला. पाण्यावरून दोन बायका हमरीतुमरीवर आलेल्या असाव्यात, सरांनी गॅलरीतून खाली वाकून शांतपणे म्हणावं, "हिने घागर आधी लावली, हे कुणी बघितलं का?" आणि नळाखाली एकदम स्मशानशांतता. नळसुद्धा गळायचा थांबायचा.

स्वतः बोलायची वेळ आली तर फारच कठीण. सत्यनारायणाला प्रसाद कसा झालाय, असं यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारलं, तर सरांनी सांगितलं, "तळाला लागलाय." मी एकदा ऑफिसात आजारी असल्याचा निरोप धाडून घरी पडलो होतो. साहेबाने चौकशीला शिपाई पाठवला. माझ्या दाराशी सर उभे. शिपायाने विचारलं, "ताप किती आहे?" सर आत आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि बाहेर जाऊन म्हणाले, "ताप नाही. शेंगा खात रहस्यकथा वाचतायत." नोकरी वाचली ती केवळ त्या शिपायालाही रहस्यकथांचा नाद होता म्हणून. संध्याकाळी मी तणतणत गेलो तर सर म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी काय बघितलं?"

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे मफलर. गिरगावात बारा महिने घाम, आणि सरांच्या गळ्यात बारा महिने लोकरीचा मफलर. मे महिन्यात ते रस्त्याने निघाले की बघणाऱ्याच्या अंगाला घामोळं यायचं. पण तो थंडीसाठी नव्हताच. त्यांच्या कोटाच्या खिशात एबोनाइटची काळी कांडी असायची. ती मफलरवर घासली की तिच्यात वीज भरते, असं ते सांगत. इतर माणसं चंची काढतात तसे सर बोलता बोलता कांडी काढत, गळ्यात घासत आणि समोरच्या माणसाच्या डोक्यावर धरत. केस उभे राहत. टक्कल असलेल्या माणसाशी ते फार बोलत नसत.

त्यांचा एकुलता एक मुलगा मधू. इंटरला होता. बापाची उंची आणि आईचं हसू घेऊन आलेला. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, सबंध दिवस एकच काम: या दोघांचा वाद ऐकत भाजी निवडणे. वाद कशावरही. आमटीला आधी उकळी येते की आधी वास, यावर बापलेकांनी आमटी आटवून ठेवलेली मी बघितली आहे. अगदी बघितली आहे.

तर त्यातला एक वाद मला इथे सांगायचा आहे. मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. सर मधूला शिकवत होते, की धातूवर उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. आता मला यातलं काही कळावं अशी माझी शिक्षणाची तयारी नाही. सरांनी माझा चेहरा बघितला आणि शिकवणी माझ्या पातळीवर आणली.

"गोकुळाष्टमीची हंडी समजा. ती म्हणजे धातूतला इलेक्ट्रॉन. उजेड हा कणाकणाने येतो. एक कण म्हणजे एक उडी मारणारा माणूस. जांभळ्या उजेडाचा कण उंच उडतो, एकाच उडीत हंडी फोडतो. तांबड्या उजेडाचा कण बुटका. त्याचा हात पोचत नाही."

"मग तांबडे पुष्कळ आणावेत," मी म्हणालो.

"लाख आणा. प्रत्येक जण आपापली उडी मारणार आणि खाली पडणार. हंडी तशीच. पुस्तकात स्पष्ट आहे: तांबडा उजेड कितीही वाढवा, एकही इलेक्ट्रॉन निघणार नाही. मधू, लिहून घे. परीक्षेला हमखास येतं."

मधूने लिहिलं नाही. तो म्हणाला, "बाबा, गोविंदा उड्या थोड्याच मारतो? एकमेकांच्या खांद्यावर चढतो."

"चढायला खालचा जागेवर थांबायला हवा ना? हा कण आला तसा गेला. दुसरा येईपर्यंत थांबतोय कोण?"

"म्हणून तर गर्दी हवी. इतकी गर्दी, की पहिला पडायच्या आत दुसरा आलेला असेल."

"असं होत नाही."

"तुम्ही बघितलंत का?" मधूने बापाच्याच सुरात विचारलं, चष्मा नसताना चष्म्यावरून बघत.

काकू भाजी निवडता निवडता एवढ्या हसल्या, की मेथी परातीबाहेर गेली. मीही हसलो. सर हसले नाहीत. "पुस्तकात आहे," एवढंच म्हणाले आणि चहाचा कप उचलला. 

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, यावर गिरगावात तरी दुमत नव्हतं. आमच्याकडे बाळं रडायची तीसुद्धा घोषणेच्या चालीवर. मधू सभांना जायला लागला. सरांचा विरोध नव्हता, पण ते टोमणा मारल्याशिवाय राहत नसत. तो चपला घालायला लागला की म्हणत, "निघाले तांबडे कण. जा, मारा उड्या. हंडी दिल्लीला बांधलीय, एवढं लक्षात ठेवा."

"गर्दी वाढू दे, बाबा. मग कळेल," मधू म्हणायचा.

एके दिवशी फाउंटनच्या बाजूला गोळीबार झाला. सकाळी निघताना मधूने आईकडून ओला पंचा मागून घेतला होता, अश्रुधूर सोडला तर तोंडाला धरायला. काकूंनी तो घट्ट पिळून, घडी करून दिला. त्या दिवशी सर काय टोमणा मारत होते ते मी भिंतीतून ऐकलं. नेहमीचाच होता. मधू काय म्हणाला तेही ऐकलं. तेही नेहमीचंच होतं.

संध्याकाळी सरांना हॉस्पिटलात बोलावलं, मी त्यांच्या सोबतीला गेलो. आत एका माणसाने चादर बाजूला केली आणि विचारलं, "तुमचा मुलगा?"

सर बघत राहिले. मग म्हणाले, "चप्पल त्याची आहे."

तो माणूस थांबला. सर म्हणाले, "शर्ट त्याचा आहे. पंचा आमच्या घरातला आहे." त्याच्या पुढचं वाक्य त्यांच्याने बोलवेना. समोर बघत होते तरी बोलवेना. ते मी बोललो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला त्या माणसाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही, असं माझ्या जन्मात तेव्हा पहिल्यांदा घडलं.

पुढचं एक वर्ष त्या खोलीतून आवाज आला नाही. सर कॉलेजात जात, येत. काकूंनी देव्हाऱ्याचं दार लावलं ते लावलंच. गणपती आले गेले, दिवाळी आली गेली, त्या खोलीपुढे पणती नाही की रांगोळीची रेघ नाही. वर्ष सरलं तरी नाही. कुणी काही म्हणालं नाही. आमच्या चाळीत कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे बघा.

मग एका दुपारी सर माझ्या दाराशी आले. गळ्यात मफलर होता. म्हणाले, "तुमचा आरसा द्याल का?"

"दाढीला?"

"नाही. त्याने मला प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं ते पुस्तकातलं होतं. मी बघितलं नव्हतं. बघायला हवं."

त्यांचा बेत असा होता. लोणच्याची मोठी काचेची बरणी घ्यायची. तिच्या तोंडाला मेणाचा जाड बूच बसवायचा आणि त्यातून एक पितळी सळई खाली सोडायची. सळईच्या खालच्या टोकाला मिठाईवाल्याकडचा सोन्याचा वर्ख चिकटवायचा, वरच्या टोकाला जस्ताचा घासलेला पत्रा. कांडी मफलरवर घासून त्या पत्र्याला लावली की वीज आत शिरते आणि वर्खाचं पान सळईपासून दूर होऊन तिरपं उभं राहतं. मेणातून वीज जात नाही, म्हणून ते तसंच उभं राहतं. पत्र्यातून इलेक्ट्रॉन निघून गेले तर पान हळूहळू खाली पडतं. एवढंच बघायचं. पत्र्यापुढे फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीतली तांबडी काच धरायची, म्हणजे फक्त तांबडा उजेड आत जाईल. आणि मग त्या काचेवर, गिरगावात मिळेल तेवढा सगळा सूर्य एकदम ओतायचा.

सूर्य ओतायला आरसे हवेत. चाळीने आरसे दिले. फणीपेटीतले, कपाटांचे, लग्नात आलेले, तडा गेलेले. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयवाल्याने दिला आणि तीन दिवस अंदाजाने हजामत केली. त्या आठवड्यात आमच्या वाडीतले पुरुष ज्या चेहऱ्यांनी हिंडत होते, त्यावरून मुंबईत नवीन रोग आल्याची अफवा डिलाईल रोडपर्यंत गेली. हॉटेलवाल्या इराण्याने भिंतीवरचा पुरुषभर आरसा उतरवून दिला, तेव्हा त्यामागून झुरळांचं एक अख्खं गाव बाहेर पडलं. त्यातल्या म्हाताऱ्या झुरळांना राणीचं राज्य आठवत होतं.

आरशांची फौज उभी करायची जबाबदारी तळमजल्यावरच्या तात्यांनी घेतली. तात्या मालवणकडचे, परळच्या गिरणीत कामाला, आणि आमच्या वाडीचा गोविंदा दरवर्षी तेच बसवत. सर त्यांना समजावायला लागले, तर तात्या म्हणाले, "सर, गोविंदो मी बसवतंय. थर खयचो, कोण खय, माका सांगू नकात. हंडी खय बांधलास, तेवढाच दाखवा."

सरांनी बरणी दाखवली. तात्यांनी ती बराच वेळ बघितली आणि टोपी काढली.

दिवस ठरला खंडेनवमीचा. त्या वर्षी ती रविवारी आली होती, सगळे घरी होते, आणि ऑक्टोबरचं ऊन असं, की गच्चीवर ठेवलेला नारळ आतून शिजावा. सरांनी सकाळीच बरणी गच्चीवर मांडून, वीज भरून, तपासून बघितली. पान उभं राहिलं ते उभंच राहिलं. सर समाधानाने आंघोळीला खाली गेले.

दुपारी सगळी चाळ गच्चीवर. समोरच्या चाळीच्या गच्चीवरही आमची माणसं. ज्याच्या त्याच्या हातात आरसा. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मधू गेल्यानंतर त्यांना गच्चीवर मी पहिल्यांदाच बघत होतो. बरणीभोवती झेंडूची माळ होती. मला वाटलं, पोराटोरांनी घातली असेल. सरांनी ती हलक्या हाताने काढून बाजूला ठेवली, मफलरवर कांडी घासली, पत्र्याला लावली. पान उभं राहिलं. सरांनी मान हलवली.

"एकदम," तात्या म्हणाले. "एकट्या-दुकट्यान चमकवलास, तर बगा. माज्या शिटीर."

शिटी वाजली. आणि मंडळी, त्या क्षणी गिरगावातला सगळा उजेड आमच्याकडे आला. चौपाटीवर संध्याकाळ झाली असावी. चारी बाजूंनी कवडसे धावत आले, भिंतींवरून घसरले, एकमेकांवर चढले, आणि त्या हातभर तांबड्या काचेवर येऊन गोळा झाले. काच निखाऱ्यासारखी पेटली. मागचा पत्रा तांबडालाल.  एकही कवडसा जागचा हलत नव्हता. मी थापा पुष्कळ मारल्या, पण हे वर्णन करायला मला कमीच पडतंय.

पान हललं.

आधी वाटलं, वारा. पण बरणीत वारा कुठला? पान हळूच, लाजल्यासारखं, खाली यायला लागलं. सर गुडघे टेकून बघत होते. पान येत येत सळईला टेकलं.

सरांनी चष्मा काढला आणि मफलरने पुसत राहिले. तात्या त्यांच्याजवळ गेले. तात्यांना इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते माझ्याइतकंच माहीत. पण ते म्हणाले, "तुमच्या झिलान, मदून, सांगलेला, तसाच झाला मां?"

सरांनी मान डोलावली. मग गच्चीवर जो गोंधळ उसळला, त्यात इराण्याच्या आरशाचा कोपरा उडाला आणि इराणीच म्हणाला, "जाने दो." काकू जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर ते हसू आलं, मधूने उचललेलं. मी ते विसरलो होतो.

दिवेलागणीला गच्ची रिकामी झाली. मी आरसे गोळा करत होतो. सर बरणीपाशीच बसून होते. ऊन केव्हाच गेलं होतं. त्यांनी कांडी काढली, मफलरवर घासली, पत्र्याला लावली. पान उभं राहिलं.

"आता कशाला, सर?" मी विचारलं.

"उजेड नसताना उभं राहतं ना, ते बघायला हवं. तरच ते उजेडाने पडलं असं म्हणता येईल."

आम्ही बघत बसलो. समोर एकही कवडसा नव्हता. पान हळूच, लाजल्यासारखं, खाली आलं.

सरांनी पुन्हा वीज भरली. पुन्हा तेच. मग ते खाली वाकले आणि बरणीच्या तोंडाशी डोळा नेला. मीही वाकलो. मेणाच्या बुचावर, सळईपासून बरणीच्या तोंडाभोवती बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीपर्यंत, हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढलेली होती. कुंकू पाण्यात कालवलेलं. वरच्या पत्र्याच्या सावलीत ते अजून ओलसर होतं. वीज त्या ओल्या बोटांवरून निघून जात होती. उजेड असो वा नसो.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. सर आंघोळीला खाली गेले होते, तेव्हा काकू गच्चीवर आल्या होत्या. त्यांनीच बरणीला झेंडूची माळ घातली होती आणि तिचं कपाळ समजून बुचाला हळदकुंकू लावलं होतं. मधूच्या प्रश्नाचं अवजार होतं ते. पूजा नको का करायला?

सर म्हणाले, "दीड-दोन वर्षांत तिने पहिल्यांदा हात जोडले."

मग त्यांनी गळ्यातला मफलर काढला. त्याच्या टोकाने ते कुंकू पुसायला लागले. हळू, एकेक बोट. पुसून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बघितलंत. पण बोलू नका."

वळलो तर जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या. हातात निरांजन. देव्हाऱ्यातलंच होतं ते, मी ओळखलं. केव्हापासून उभ्या होत्या, कोण जाणे. सरांनी मफलरचं टोक मुठीत धरलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "नक्की निघाला ना? तो म्हणत होता तसा?"

"निघाला," सर म्हणाले. "मी बघितला."

काकूंनी एकदा सरांच्या मुठीकडे बघितलं. मग "खाली या, जेवण गार होतंय," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर सर कुणालाही "बघितलंत का?" असं विचारत नसत. चाळीत पुन्हा भांडणं वाढली. नळावर कुणी काहीही बोलावं, सर गॅलरीत उभे राहून ऐकून घेत. कॉलेजात त्यांच्या प्रयोगाची कुणकुण गेली होती. प्राध्यापकांनी विचारलं, तर सरांनी खरं ते सांगितलं: "प्रयोग नीट झाला नाही. वीज गळत होती." तिकडे थोडी टिंगल झाली, ती त्यांनी घेतली. पण चाळीत त्यांनी एक शब्द काढला नाही, कारण चाळीतून ते काकूंपर्यंत पोचलं असतं. मी तर बोललो नाहीच. बोललो असतो तरी चाळीने पद्धतीप्रमाणे सरांनाच जाऊन विचारलं असतं.

पुन्हा प्रयोग का नाही केला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "केला. खिडकीत, एकट्याने, कोरडा बूच घालून. आपल्या आरशांचं काम नाही ते. याच्या कितीतरी पटींनी गर्दी हवी." कांडी हातात होती, पण घासली नाही. मफलर त्यांनी नंतर धुवायला टाकला नाही. त्या टोकाला तांबडा डाग राहिला.

महाराष्ट्र झाला, त्या दिवशी सबंध गिरगाव शिवाजी पार्काकडे निघालं. वाडीवाडीला तोरणं, घराघरावर दिवे. तात्या वर आले, नवी टोपी घालून. म्हणाले, "सर, चला. मदूच्या वाटणीचा बगूक होया."

सर गॅलरीतल्या खुर्चीतून उठले नाहीत. खाली रस्त्यावरून माणसं चालली होती, खांद्याला खांदा लागून, एक सरकायच्या आत दुसरा. सर तिकडे बघत म्हणाले, "तात्या, गर्दीने होतं. तो एका ठिकाणी तरी बरोबर निघाला."

तात्यांच्या लेखी मधू गच्चीवरही बरोबरच निघाला होता. ते म्हणाले, "दोनी ठिकाणी, सर." 

दोनेक वर्षांत सर गेले. कसलाही गाजावाजा न करता, कॉलेजातून येऊन कोट खुंटीला लावला आणि बसल्या जागी. काकू प्रभादेवीला भावाकडे राहायला गेल्या. चाळीतल्या त्या टोकाच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. त्यांच्याकडे घोरणाऱ्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, एवढीच काय ती जागेची परंपरा राहिली.

पुष्कळ वर्षांनी माझी पुतणी, फार हुशार पोरगी, मुंबईच्याच दक्षिणेकडच्या टोकाला समुद्रकाठी एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली. म्हणाली, काका, एकदा बघायला या. मी गेलो. कफ परेडच्या मच्छीमार नगरावरून, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासातून पुढे गेलो आणि एका थंडगार अंधाऱ्या खोलीत शिरलो. तिथे एक यंत्र होतं आणि त्याच्या पोटात धातूचा एक कपचा. पुतणी म्हणाली, "यावर आम्ही उजेड मारतो आणि इलेक्ट्रॉन काढतो."

"जांभळा?" मी विचारलं. माझ्या तोंडून हा शब्द ऐकून ती उडालीच.

"नाही, काका. तांबडा."

 मी म्हणालो, "तांबड्याने निघत नाही. पुस्तकात आहे."

"साध्या तांबड्याने नाही निघत. पण आमचा उजेड इतका दाट असतो, आणि इतक्या थोड्या वेळात सगळा एकदम येतो, की एक कण विझायच्या आत दुसरा आलेला असतो. दोन-तीन मिळून काम करतात."

"खांद्यावर चढून?"

"अं? हो, तसंच समजा. आणि त्याहून जोर लावला, तर चढावंही लागत नाही. उजेडाची लाट धातूची भिंतच वाकवते."

"दाखव."

तिने दाखवलं. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ पसरलेली होती. तिने कसलीशी कळ दाबली आणि रेघेतून एक सुळका वर आला. "हे इलेक्ट्रॉन," ती म्हणाली. मी तिला तीनदा कळ बंद करायला लावली आणि तीनदा चालू करायला लावली. उजेड नसताना काय होतं, ते बघायला हवं. उजेड नसताना रेघ सपाट होती.

तिथून तडक प्रभादेवीला गेलो. काकू खूप थकल्या होत्या. खिडकीशी बसून वाती वळत होत्या. कोपऱ्यात खुंटीवर मफलर होता.

मी सगळं सांगितलं. तांबडा उजेड, गर्दी, एक पडायच्या आत दुसरा. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण आतून त्यांची भाचेसून डोकावून गेली. काकूंचे हात थांबले.

"तुझी थाप नाही ना ही?"

"नाही, काकू."

"बघितलंस का?"

कितीतरी वर्षांनी तो प्रश्न मी ऐकत होतो. म्हणालो, "हो. बघितलं."

काकूंनी हातातली वात पूर्ण वळली, परडीत ठेवली आणि खुंटीवरच्या मफलरकडे बघितलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "हे माझ्याशी खोटं बोलले नव्हते."